देवीचा छाप, २७ चा आकडा आणि सशाचा प्रश्न

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. घरातल्या जुन्या सामानात एक छऱ्याची बंदूक मिळाली. नळी मोडून भरायची, दस्ता लाकडी, नळीमागच्या जाड सिलिंडरवर हात उंचावलेल्या बाईचा पुसट छाप, त्याच्याजवळ 'मॉड. २७' आणि मागच्या बाजूला, दस्त्याच्या कडेला, चार बारीक आकडे. ही कुठली, किती जुनी, हिच्याने ससा मारता येईल का आणि ताकद कमी पडली तर जाड स्प्रिंग घालून भागेल का?

यात तीन वेगळे प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. बंदूक कुठली, याचं उत्तर शिक्क्यांमध्ये आहे. तिच्यात जोर किती, याचं उत्तर शिक्क्यांमध्ये नाही. ते आज तिच्या पोटात काय उरलंय यावर ठरतं. आणि शिकारीला चालेल का, या प्रश्नात बंदुकीचा वाटा फार तर निम्मा. बरेच जण पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की उरलेली दोन आपोआप मिळाली असं धरून चालतात. मॉडेल कळलं, तक्ता शोधला, वेग वाचला, झालं. मी बरीच वर्षं स्प्रिंगच्या जुन्या बंदुका उघडतो, जोडतो. एकाच कारखान्याच्या, एकाच मॉडेलच्या दोन बंदुकांच्या वेगात पाव-अर्धा फरक निघाला तर मला आता काही वाटत नाही.

ओळखीला लागण्याआधी एक काम करा. बंदूक भरलेली आणि ताणलेली आहे असंच समजून हाताळा. अशा बंदुका ताणलेल्या अवस्थेत वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या असतात. नळी मोडताना स्प्रिंगचा जोर हाताला जाणवला पाहिजे. काहीच विरोध न होता नळी सहज खाली आली, तर एक तर बंदूक आधीच ताणलेली आहे किंवा आत स्प्रिंग तुटली आहे. कळेपर्यंत ती ताणलेलीच समजा. नळी उघडी असताना चापाला बोट लावू नका आणि छरा घालताना दुसऱ्या हाताने नळी घट्ट धरून ठेवा. त्या काळच्या बहुतेक बंदुकांत उघड्या नळीवर चाप अडवणारी सोय नसते. झिजलेला सिअर (ताणलेली स्प्रिंग अडवून धरणारा खटका) सुटला तर नळी झपकन वर येते. बोट मध्ये असेल तर बोट जातं, नसेल तर नळी वाकते किंवा दस्ता मनगटाशी तडकतो.

आता तुमची देवी. ती डायना. एका हाताने एअर रायफल डोक्यावर उंच धरलेली आणि धनुष्यबाण टाकून देणारी, हे जर्मनीतल्या रास्टाट गावच्या मायर आणि ग्रामेलश्पाखर या कारखान्याचं चिन्ह. कारखाना १८९० सालचा. इथपर्यंत सोपं आहे, पण नवशिके नेमके याच्या पुढे फसतात. दुसऱ्या महायुद्धानंतर या कारखान्याची यंत्रसामग्री आणि डायना हे नाव युद्धभरपाई म्हणून ब्रिटनकडे गेलं आणि स्कॉटलंडमधल्या मदरवेलच्या मिलार्ड ब्रदर्सकडे, म्हणजे मिलब्रोकडे आलं. मिलब्रोने १९४९ पासून १९८२ पर्यंत डायना नावाने बंदुका काढल्या. दरम्यान मूळ जर्मन कारखाना पुन्हा उभा राहिला, पण ब्रिटनमध्ये त्याला स्वतःचंच नाव वापरता येईना. म्हणून तिथे त्याच्या बंदुका 'ओरिजिनल' नावाने विकल्या गेल्या, काही बाजारांत 'गेकाडो' म्हणून. अमेरिकेत हीच २७ नंबरची बंदूक 'विंचेस्टर ४२७' किंवा 'हाय-स्कोअर ८०७' असा शिक्का घेऊन गेली आणि थोरली ३५ नंबरची 'विंचेस्टर ४३५' झाली. ब्रिटनमधला नावाचा हक्क जर्मनांना १९८४ मध्ये परत मिळाला.

म्हणजे देवीचा छाप दिसला म्हणून बंदूक जर्मन ठरत नाही, आणि छाप नाही म्हणून ती डायना नाही असंही ठरत नाही. मी आधी देशाचं नाव शोधतो. ब्रिटनमध्ये बनल्याचा शिक्का असेल तर ती मिलब्रो. तिचा आराखडा युद्धापूर्वीच्या जर्मन बंदुकीवरून आलेला, त्यामुळे रास्टाटच्या नंतरच्या २७ चे सुटे भाग तिला बसतील असं गृहीत धरून मागवू नका. जर्मनीचा शिक्का असेल तर दस्त्याच्या कडेचे ते चार बारीक आकडे बघा. रास्टाटचा कारखाना सिलिंडरच्या मागच्या भागावर महिना आणि वर्ष ठोकत असे. '०५ ७२' असं दिसलं तर मे १९७२. सिरियल नंबर म्हणून लोक तो आकडा घेऊन याद्या धुंडाळत बसतात. तो नंबर नाही, तारीख आहे. तुम्ही लिहिलेल्या वर्णनावरून मला ही जर्मन वाटते, पण देशाचा शिक्का तुम्ही सांगितलेला नाही, तेव्हा हे ठाम नाही. खात्रीची आणखी एक खूण आत असते. युद्धानंतरच्या जर्मन २७ मध्ये पिस्टनचा, म्हणजे स्प्रिंगच्या जोराने हवा दाबणाऱ्या दट्ट्याचा, दांडा तीन छोट्या पोलादी गोळ्यांनी अडवलेला असतो. चाप इतका स्वच्छ सुटतो की त्या काळच्या शिकाऊ बंदुकीत हे कशाला, असा प्रश्न पडावा. पण ती खूण बघण्यासाठी बंदूक उघडावी लागते, आणि स्प्रिंग दाबून धरणारा स्प्रिंग-कॉम्प्रेसर नसताना उघडू नका. दाबलेली स्प्रिंग मागची टोपी तोंडावर फेकते.

आकडे झिजले असतील तर इतर शिक्के कालखंड सांगतात. डी.आर.पी. किंवा डी.आर.जी.एम. ही अक्षरं म्हणजे जुन्या जर्मन साम्राज्याचं पेटंट आणि नमुना-नोंदणी. ती १९४५ पूर्वीची. डी.बी.पी. म्हणजे युद्धोत्तर संघराज्याचं पेटंट. 'वेस्ट जर्मनी' असेल तर १९४९ ते १९९० मधली. पंचकोनात 'एफ' हे अक्षर दिसलं तर ती साधारण १९७० नंतरची, आणि ही खूण वर्षापेक्षाही महत्त्वाचं काहीतरी सांगते: बंदुकीची ऊर्जा ७.५ जूलच्या आत ठेवली आहे. जर्मनीत त्या मर्यादेतली बंदूक प्रौढ माणसाला परवान्याशिवाय घेता येते, म्हणून घरच्या बाजारासाठी कमी जोराच्या स्प्रिंगा बसवल्या जात. निर्यातीची तीच बंदूक जास्त जोराची असू शकते. एकाच मॉडेलच्या दोन बंदुकांचं कूळ असं एका अक्षराने वेगळं होतं.

तुमची बंदूक डायना नसून दुसरं काही निघाली तर? मी नेहमी ताणण्याच्या पद्धतीपासून सुरुवात करतो, नाव नंतर वाचतो. नाव खोडलेलं, बदललेलं, उसनं असू शकतं. यंत्रणा खोटं बोलत नाही. नळीखाली वेगळा लिव्हर असेल आणि छरा वरच्या फिरत्या टॅपमध्ये (तोटीसारख्या खोबणीत) टाकायचा असेल, तर शोध ब्रिटिश घराण्यांकडे वळवा. बी.एस.ए.चा (बर्मिंगहॅम स्मॉल आर्म्स) खालच्या लिव्हरचा वंश लिंकन जेफ्रीजच्या १९०४ च्या पेटंटपासून सुरू होतो. तीन रायफली एकमेकींना टेकवून उभ्या केलेलं चिन्ह म्हणजे बी.एस.ए. त्यांची एअरस्पोर्टर १९४८ ची आणि तिचा लिव्हर दस्त्यात लपलेला. वेब्लीची मार्क ३ १९४७ पासून १९७५ पर्यंत बनत होती. स्प्रिंगच नसेल, हात मारून हवा भरायची असेल किंवा कार्बन डायऑक्साइडची नळकांडी लागत असतील, तर बहुधा अमेरिकन बेंजामिन, शेरिडन किंवा क्रॉसमन, नाहीतर त्यांची चिनी नक्कल. क्रॉसमन १६० ची चिनी प्रत क्यूबी ७८ या नावाने इतकी पसरली की मूळ बंदूक कमीच दिसते.

कॅलिबर, म्हणजे नळीचं माप, मात्र शिक्क्यावरून नाही, छऱ्यावरून ठरवा. ०.१७७ इंच म्हणजे ४.५ मिलिमीटर, ०.२२ म्हणजे ५.५. शेरिडनची ०.२०, म्हणजे ५ मिलिमीटर. ही तिसरी जात विसरू नका. ०.२५ क्वचित भेटते. जुन्या बी.एस.ए.वर नुसतं 'नंबर १ बोअर' किंवा 'नंबर २ बोअर' असं असतं. एक म्हणजे ०.१७७, दोन म्हणजे ०.२२, तीन म्हणजे ०.२५. जुन्या ब्रिटिश ०.२२ नळ्यांमध्ये आजचा ५.५ चा छरा सैल पडू शकतो. बोटाने ढकलल्यावर छरा आपसूक आत घरंगळला तर हवा बाजूने निसटणार आणि नेमही जाणार. मग लोक स्प्रिंगला दोष देतात. बंदूक ताणलेली नाही याची खात्री करून ब्रीचच्या, म्हणजे छरा घालायच्या, बाजूने उजेड टाका आणि नळीत आटे (छऱ्याला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचा) आहेत का तेही बघा. स्वस्तातल्या काही जुन्या बंदुकांची नळी आतून गुळगुळीत असते. मग नाव कितीही मोठं असो, शिकारीचा विषय तिथेच मिटला. आटे असलेल्या नळीत पोलादी गोळ्या मात्र घालू नका. आटे मऊ असतात.

आता जोर. कागदावरचा वेग विसरा आणि छऱ्याचा वेग मोजणारा क्रोनोग्राफ मिळवा. विकत घ्यायलाच हवा असं नाही. बऱ्याच नेमबाजी क्लबांत असतो. डब्याला भोक पडलं, फळीत छरा इतका रुतला, साबणाची वडी फुटली, ही सगळी मनाची समजूत. डबा पातळ असला तर दुबळी बंदूकही त्याला आरपार करते. छऱ्याचं वजन ग्रॅममध्ये आणि वेग मीटर-सेकंदात घेऊन वजनाचा किलोग्रॅम करा, वेगाच्या वर्गाने गुणा आणि निम्मं करा, जूल आले. ०.२२ चा ०.९४ ग्रॅमचा छरा सेकंदाला १३७ मीटर वेगाने गेला तर जेमतेम ९ जूल. चांगल्या अवस्थेतली २७ याच्या आसपास खेळते, बहुतेकदा थोडी खालीच. तुलनेला सांगतो: इंग्लंड आणि वेल्समध्ये परवान्याशिवाय चालणाऱ्या एअर रायफलची कमाल मर्यादा १२ फूट-पाउंड, म्हणजे सव्वासोळा जूल, आणि तिथले एअर रायफलवाले ससे मारतात ते त्या मर्यादेच्या अगदी जवळ असलेल्या बंदुकांनी.

एक छरा मोजून थांबू नका. ओळीने दहा मोजा. सरासरीपेक्षा मला त्यांच्यातला फरक जास्त सांगतो. वेग कमी पण एकसारखा असेल तर बंदूक आतून निरोगी, फक्त थकलेली. वेग वर-खाली उड्या मारत असेल तर पिस्टनवरचं वॉशर गळतंय, ब्रीचचं सील कडक झालंय, किंवा आत तेल जळतंय. या शेवटच्याला डिझेलिंग म्हणतात. दाबलेल्या हवेच्या उष्णतेने तेलाची वाफ पेट घेते, मोठा आवाज येतो, नळीतून धूर आणि जळका वास येतो आणि क्रोनोग्राफवर भलताच आकडा झळकतो. बंदूक विकणाऱ्याने 'बघा काय आवाज आहे' म्हटलं की मी आधी वास घेतो.

२७ सारख्या जुन्या बंदुकीत बहुधा चामड्याचं वॉशर असतं. पडून राहिलं की ते सुकतं, आकसतं आणि हवा धरत नाही. बऱ्याच बंदुका मेलेल्या नसतात, नुसत्या कोरड्या पडलेल्या असतात. सिलिंडरच्या तोंडातल्या हवेच्या भोकातून चेंबर ऑइलचे दोन-तीन थेंब सोडा, नळी वर करून रात्रभर उभी ठेवा, दुसऱ्या दिवशी मोजा. फरक पडला तर वॉशर जिवंत आहे. शिलाई यंत्राचं तेल आणि गंजाचे फवारे त्या भोकात मारू नका. ते सगळे पेट घेतात.

आणि जाड स्प्रिंग? हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो. स्प्रिंगच्या बंदुकीचा जोर नुसत्या स्प्रिंगचा नसतो, पिस्टन किती हवा ढकलतो याचा असतो. सिलिंडरचा व्यास आणि पिस्टनची धाव यांनी ते ठरून गेलं आहे आणि २७ चं सिलिंडर लहान आहे. त्यात दुप्पट कडक स्प्रिंग घातली तर पिस्टन जास्त वेगाने पुढे येतो, समोरच्या हवेच्या गादीवर आपटून उसळतो, आणि छऱ्याला मिळायचं ते धक्क्यात जातं. सायकलच्या पंपावर दोघांनी मिळून जोर लावला म्हणून त्यात मावणारी हवा वाढत नाही. वेगात किरकोळ वाढ होते, ताणायला दुप्पट कष्ट पडतात, नेम बिघडतो, आणि मूळ चाप ज्या जोरासाठी बनवलेला नाही तो त्याच्यावर येतो. मूळ मापाची नवी स्प्रिंग, नवं वॉशर आणि ब्रीच सील, एवढंच करा. जुनी स्प्रिंग बहुतेकदा वाकलेली किंवा आखूड झालेली असते, त्यामुळे तेवढ्यानेही फरक दिसतो.

आता शिकारीवर येऊ. आधी कायदा, कारण तो देशागणिक वेगळा आहे आणि इथे तर्क चालत नाही. ब्रिटनमध्ये जमीनमालकाच्या परवानगीने ससा चालतो. जर्मनीत सशासारख्या शिकारी प्राण्यांवर एअर रायफल चालवू देत नाहीत. भारतात रानससा १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्याखाली येतो, त्यामुळे तिथे प्रश्न बंदुकीपर्यंत पोहोचतच नाही. तुम्ही जिथे आहात तिथली तरतूद आधी बघा, बंदुकीची आणि प्राण्याची, दोन्ही.

कायदा मोकळा असेल असं धरून बोलतो. सशाला छरा लागणं आणि ससा जागीच मरणं यात फार अंतर आहे. एअर रायफलचा छरा मोठी जखम करत नाही. तो मेंदूत गेला तरच प्राणी लगेच जातो, आणि ती जागा साधारण एका नाण्याएवढी असते. अंगात छरा घेतलेला ससा बिळात शिरतो आणि तिथे तासन् तास मरत राहतो. म्हणून मी दोनच कसोट्या लावतो. पहिली, छरा प्राण्यापर्यंत पोहोचेल तेव्हा त्यात किमान ६-७ जूल उरले पाहिजेत. नळीच्या तोंडाशी नाही, प्राण्याशी. दुसरी, ज्या अंतरावरून मारायचं त्या अंतरावर, ज्या अवस्थेत मारायचं त्या अवस्थेत, म्हणजे गुडघ्यावर किंवा उभं राहून, प्रत्येक छरा २५ मिलिमीटरच्या वर्तुळात बसला पाहिजे. टेबलावर उशी ठेवून काढलेला ग्रुप, म्हणजे छऱ्यांचा झुबका, बंदुकीबद्दल सांगतो, तुमच्याबद्दल नाही.

पहिल्या कसोटीत ९ जूलची २७ जेमतेम तग धरते, तीही फार जवळून, आणि ससा तेवढं जवळ येऊ देत नाही. त्यात कमी वेगाचा छरा फार लवकर खाली येतो. १३७ मीटर वेगाचा छरा २० मीटरवर जुळवला, तर २५ मीटरवर तो सुमारे ४ सेंटिमीटर खाली लागतो आणि ३० वर ९-१० सेंटिमीटर. म्हणजे अंतराचा अंदाज पाच मीटरने चुकला तरी छरा डोक्याऐवजी जबड्यात किंवा मानेखाली. डोळ्याने अंदाज घेणारा माणूस पाच मीटर सहज चुकतो. त्यामुळे माझं उत्तर सरळ आहे: सशासाठी २७ नको. गोठ्यातले किंवा कोठारातले उंदीर, दहा मीटरच्या आत, बंदूक नीट दुरुस्त केलेली आणि हात बसलेला, एवढीच तिची मजल. ७.५ जूलची 'एफ' वाली असेल तर तेही नको.

सगळ्याच जुन्या बंदुका अशा नाहीत. वायराउख या जर्मन कारखान्याची एचडब्ल्यू ३५ १९५० च्या दशकाच्या सुरुवातीपासूनची आहे आणि चांगल्या अवस्थेत त्या १२ फूट-पाउंडांच्या मर्यादेच्या बऱ्यापैकी जवळ जाते. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आलेली एचडब्ल्यू ८० तर जोराच्या बाबतीत आजच्या बंदुकांना हार जात नाही. निरोगी एअरस्पोर्टर मधे कुठेतरी पडते. तिचा टॅप झिजलेला असेल तर मात्र तिथूनच निम्मी हवा जाते, आणि टॅपची झीज दुरुस्त करणं स्प्रिंग बदलण्याइतकं सोपं नाही. जुनी म्हणून नको असं मी म्हणत नाही. मोजा आणि मग बोला.

तुमच्या २७ चं मी काय करीन ते सांगतो. दस्त्याला पॉलिश पेपर लावणार नाही, नळीचा उडालेला काळा मुलामा नव्याने चढवणार नाही. संग्राहक शिक्के, मूळ स्क्रू आणि मूळ पृष्ठभाग बघतात. चकचकीत केलेली बंदूक त्यांच्या लेखी बिघडवलेली असते. तेलाचा बोळा फिरवून गंज थांबवायचा, वॉशर ओलं करायचं, मूळ मापाची स्प्रिंग घालायची, बॅकसाइट आणि माशी या मागच्या-पुढच्या नेमखुणांवरच नेम धरायचा. तिला दुर्बीण बसवू नका. दहा मीटरवर कागदावर ती आजच्या कितीतरी बंदुकांपेक्षा गोड चालते, आणि नेम शिकायचा असेल तर स्प्रिंगच्या मंद बंदुकीइतका कडक गुरू नाही: छरा नळीतून बाहेर पडेपर्यंत हात हलला की लगेच कागदावर दिसतं.

देशाचा शिक्का, ते चार आकडे आणि ब्रीचच्या तोंडाचा जवळून घेतलेला फोटो पाठवा. वॉशर ओलं करून दुसऱ्या दिवशी दहा छरे मोजाल तेव्हा पहिले काही धूर काढतील. ते मोजणीत धरू नका, धूर थांबल्यानंतरचे दहा लिहून कळवा.